मदत हवी आहे (टेनपिन बोलिंग) : माइल्ड बॉल दुसऱ्या लेनवर पॉकेटमध्ये येत नाही

धागाकर्ता : मंडळी, रविवारी स्पर्धा आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे. माझा १४ पौंडी माइल्ड (कमी वळणारा) बॉल नेहमीच्या लेनवर दुसऱ्या बाणावरून (लेनवरच्या नेमाच्या खुणेवरून) ७व्या बोर्डापर्यंत (कडेपासून मोजलेल्या लेनच्या उभ्या पट्टीपर्यंत) बाहेर जातो आणि बिनचूक पॉकेटमध्ये (पुढच्या पिनेलगतच्या फटीत) परततो. स्पर्धेच्या लेनवर मात्र त्याच फेकीत तो दर वेळी हेडपिन (सर्वांत पुढची १ नंबरची पिन) चुकवून २ नंबरच्या पिनवर गेला. नवा बॉल घ्यावा का?

तेलपट्टी : २ नंबरच्या पिनवर जातो म्हणजे बॉल जास्त वळतो आहे. लेन कोरडी, म्हणजे तेल कमी असलेली, असणार. पाय आणि नेम दोन्ही डावीकडे सरकवा.

दहावीपिन : बॉलचे कवच कोणते, पृष्ठभाग किती ग्रिटचा (किती खरखरीत) आणि लेनवर तेल किती फुटांपर्यंत आहे, हे कळल्याशिवाय असे निदान करणे मला पटत नाही.

निवांत : कोपऱ्यातल्या एकट्या पिनसाठी प्लास्टिकचा बॉल वापरावा, तो तेल असो वा नसो, सरळच जातो.

धागाकर्ता : स्पेअरची (उरलेल्या पिन दुसऱ्या फेकीत पाडण्याची) अडचण नाही. कवच पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह (रेझिनचा एक प्रकार) असून त्याला पॉलिश आहे आणि तेल ४४ फुटांचे आहे. मी डावखुरा आहे, हे लिहायचे राहिले.

तेलपट्टी : मग उजव्या हाताचा खेळाडू धरून केलेले माझे निदान उलटे ठरते, कारण डावखुऱ्याचे पॉकेट १ आणि २ या पिनांच्या मध्ये असते, म्हणजे तुमचा बॉल वळतच नाही. शिवाय डाव्या बाजूने खेळणारे थोडे असल्यामुळे तिथले तेल लवकर उडत नाही. सॉलिड कवचाचा (तेलात जास्त पकड घेणारा) जोरदार, म्हणजे जास्त वळणारा, बॉल घ्या.

दहावीपिन : बॉल घेण्याची घाई करू नये. परतलेल्या बॉलवरच्या तेलाच्या रेघा पाहा : माइल्ड बॉलवर त्या एकमेकींना खेटून असतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात लेनला बॉलचा जवळजवळ तोच तेलकट भाग टेकतो, आणि वर पॉलिश असल्यास पकड आणखी कमी होते. तेलाच्या लांबीतून ३१ वजा केले की तेल संपताना बॉल साधारण कोणत्या बोर्डावर असावा ते कळते. इथे तो १३वा येतो आणि तुम्ही ७व्यापर्यंत जाता. तिथून परतायला तेल संपल्यावर लेनचे उरलेले शेवटचे १६ फूट पुरत नाहीत. तिसऱ्या बाणावरून जवळजवळ सरळ खेळा. ३५ फुटांच्या तेलावर हाच बॉल ४थ्या बोर्डाजवळून शांतपणे वळेल, जिथे जोरदार बॉल आवरणे कठीण जाते.

तेलपट्टी : सरळ खेळल्याने पॉकेट मिळेल, पण पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन लहान झाल्याने पिन उरतील. निदान पॉलिश तरी काढा.

दहावीपिन : हे मान्य आहे. २००० ग्रिटच्या पॅडने, पण स्पर्धा सुरू होण्याआधीच. खेळ चालू असताना पृष्ठभाग घासता येत नाही.

धागाकर्ता : पॅड आजच वापरतो. उद्याच्या सरावात १३वा बोर्ड धरून खेळेन आणि रेघांचा फोटो इथेच देईन.