बंगल्यात 14 ज्येष्ठांचा सशुल्क आश्रम: परवाना नेमका कोणता?

नाशिकचा_बंगला:
दुमजली बंगला, 14 जणांची सोय. बहुतेक चालतेफिरते, दोन-तीन अंथरुणाला खिळलेले, एक-दोन डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे). कोणी म्हणतं ट्रस्ट नोंदवला की झालं, कोणी म्हणतं नर्सिंग होमचा परवाना लागतो. खरं काय?

कलम_वाचक:
ट्रस्टची नोंदणी म्हणजे आश्रम चालवायचा परवाना नव्हे. धर्मादाय कार्यालय विश्वस्त, मालमत्ता आणि हिशेब बघतं. रात्री किती मावशी जाग्या असतात हे तिथे कोणी विचारत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 19 सरकारने काढायच्या आश्रमांबद्दल आहे: जिल्ह्याला किमान एक, 150 निराधारांची सोय. खासगी आश्रमांची नोंदणी 2019 च्या दुरुस्ती विधेयकात होती, पण ते मंजूर न होताच 17 व्या लोकसभेबरोबर बारगळलं. त्यामुळे त्या कायद्यात तुमच्यासाठी लायसन्स शोधू नका.

तुम्ही कोणाला ठेवता त्यावर कायदा ठरतो. आजारी किंवा दुर्बल माणसाला ठेवून उपचार आणि शुश्रूषा केली, तर 1949 च्या नर्सिंग होम कायद्याची व्याख्या लागू होते. नाकात राईल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) असलेली व्यक्ती ठेवून 'आम्ही फक्त राहायची सोय करतो' हे म्हणणं टिकत नाही. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. डिमेन्शियाचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान बिघडणंही आहे, म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीचा प्रश्न येतो. नोंदणी नसेल तर पहिल्या वेळी दंड 5,000 ते 50,000 रुपये.

वीसपेक्षा कमी नोकर असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. ते सोपं आहे.

जिना_आणि_रॅम्प:
आगीकडे बघताना हा 'बंगला' राहत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांची निवासस्थानं संस्थात्मक गटात येतात. अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवलीत की ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. जुलैचा हमखास राहतो.

खिळलेल्यांना तळमजल्यावरच ठेवा. रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी: दारापुढे 15 सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील तर 3.6 मीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून लोक दीड मीटरची घसरगुंडी करतात आणि व्हीलचेअर पुढे कलंडते. डिमेन्शियासाठी ग्रिलला कुलूप लावलंत तर किल्ली वॉचमनच्या खिशात नको, प्रत्येक पाळीतल्या माणसाकडे हवी.

रात्रपाळी:
कागद झाले की खरी तपासणी औषधांच्या वहीत होते. संध्याकाळी पाचला वही उघडून रात्री नऊचा रकाना बघा. सही आधीच झालेली असेल तर ती वही खोटी. खिळलेल्यांची कूस बदलण्याच्या तक्त्याचंही तसंच. डावी, पाठ, उजवी, दर दोन तासांनी. पण रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनने ओळीत बसवलेल्या दिसल्या तर सरळ माकडहाडापाशी त्वचा बघा, झोपून जखम झालीय का.

इन्सुलिनच्या सुया पाण्याच्या बाटलीत भरून घंटागाडीत टाकू नका. न टोचणारा पांढरा डबा आणि जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या केंद्राशी करार, दोन्ही हवंत. आणि डॉक्टरांची भेट नेमाने व्हायला हवी. शेवटच्या आजारात कोणी तपासलंच नसेल तर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म 4ए कोण देणार? मग पोलिसांना बोलवावं लागतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते.

नाशिकचा_बंगला:
मग खिळलेले आणि डिमेन्शियाचे घ्यायचेच नाहीत, असं केलं तर?

कलम_वाचक:
कागदावर सोपं आहे. पण आज काठी टेकत आलेले आजोबा खुबा मोडून झोपले की काय करणार? ते प्रवेशाच्या करारातच लिहा: एका माणसाच्या आधाराने पलंगावरून खुर्चीत बसता येईनासं झालं, तर किती दिवसांत हलवायचं, कुठे, ॲम्ब्युलन्सचे पैसे कोणाचे, डिपॉझिट कधी परत. खाली नातेवाईकाची सही हवीच, आणि ज्येष्ठांना वाचून दाखवून त्यांचीही.