वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन केली तर कॉपीराइटचं लफडं होतं का?

वाचनालयवाला: आमच्याकडे १९३०-४० ची बरीच पुस्तकं आहेत, कसर लागलीय, पान उलटलं की तुकडाच हातात येतो. एक पोरगा स्कॅन करून द्यायला तयार आहे पण कमिटीतले काका म्हणतात केस होईल. खरंय का?

जुनापुराणा: काका अर्धे बरोबर आहेत. छापल्याचं साल बघू नका, लेखक कधी गेला ते बघा, त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून २०११ पासून मोकळे. पण पुस्तक १९३५ चं आणि लेखक १९८० ला गेला तर २०४० संपेपर्यंत थांबा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वेगळं मोजायचं, हे हमखास विसरतात लोक.

काळाकोट: स्कॅन करून *ठेवायला* हरकत नाही हो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्ये आहे, ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल करता येते. व्हॉट्सॅप ग्रुपवर पीडीएफ फिरवली की मात्र काका जिंकले 😄 अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह (ऑनलाइन वाचनालय चालवणारी संस्था) तर एका छापील प्रतीमागे एकच डिजिटल प्रत वाचायला देतो म्हणत होतं, तरी २०२४ मध्ये अपिलात हरलं.

वाचनालयवाला: बरं मग आधी सालं शोधतो, निम्म्या लेखकांची तर आडनावंच आहेत नुसती. आणि पोराला सांगतो पेनड्राइव्ह घरी न्यायचा नाही