छोट्या कोर्सनं हाताला काम मिळालं का? आपल्या बेळगाव भागातल्यांनी अनुभव सांगा

उद्यमबागवाला
परवा पाळी सुटल्यावर गेटजवळ एक पोरगं दिसलं. पाठीला सॅक आणि हातात नवाकोरा व्हर्नियर, एकटंच उभं राहून पेनाचं टोपण मोजायलं होतं. विचारलं तर म्हणालं, कोर्सला लागलोय, सरांनी रीडिंगची प्रॅक्टिस करून यायला सांगितलंय. मग तिथंच उभं राहून त्याला दाखवलं, आधी मेन स्केल बघ, मग खालची कुठली रेघ वरच्या रेघेला तंतोतंत जुळते ती बघ, एक रेघ म्हणजे ०.०२ मिमी. तेवढ्यात त्याची बस आली आणि ते गेलं, पण मला माझे ते दिवस आठवले म्हणून हा धागा काढलाय.

पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर मी घरीच होतो. वडील फौंड्रीत कोअर शॉपला, डिग्रीला घालायची ऐपत नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मला सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, शॉर्ट टर्म कोर्सला घातलं. पहिले काही दिवस सरांनी मशीनला हात लावू दिला नाही. खडूनं फरशीवर एक्स आणि झेड आखले आणि आम्हालाच टूल करून त्यावर चालायला लावलं. जी०० म्हटलं की भराभर जायचं, जी०१ म्हटलं की एकेक पाऊल मोजत, कारण आता कटिंग चाललंय. एम०३ म्हटलं की स्पिंडल फिरायला लागला, एम३० म्हटलं की प्रोग्रॅम संपला, परत पहिल्या ओळीवर. आजही नवीन पोरगं हाताखाली आलं की मी हेच करतो.

मला कामाला लावलं ते पण त्याच सरांनी, ओळखीच्या दोन-तीन शॉपमध्ये स्वतः घेऊन गेले. पहिल्या मालकानं कागद बघितलाच नाही, हातात एक टर्निंग केलेला जॉब आणि मायक्रोमीटर दिला आणि म्हणाला माप सांग. सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाला. म्हणून माझं मत असं हाय की कोर्स महिन्याचा असो नाहीतर तीन महिन्यांचा, मशीनवर हात किती वेळ बसतोय आणि शेवटी तुम्हाला कुणाच्या दारापर्यंत नेऊन सोडतंय का, एवढंच बघावं.

तुमचं सांगा. कुठलाही कोर्स चालेल.

खानापूरची_लेक
दादा मी शिवण शिकले आरसेटीत, बँकवाले चालवतात ते ट्रेनिंग सेंटर. राहणं जेवण सगळं फुकट होतं पण आई सोडायला तयार नव्हती, लेक बाहेर कशी राहणार म्हणून, शेवटी मामी स्वतः सोबत येऊन खोली बघून गेल्या तेव्हा कुठं जमलं. तिथं ब्लाऊज आधी ब्राऊन पेपरवर कापायचा, मग जुन्या साडीवर, मग नव्या कापडावर. मुंढ्याचा गोल मला जमतच नव्हता, मॅडमनी माझा हात धरून कात्री फिरवली आणि म्हणाल्या कात्री उचलू नको, कापड फिरव. तो दिवस आणि आजचा दिवस. बरं कुकर झालाय, नंतर लिहिते

निपाणीकर
खानापूरची_लेक, हे आरसेटी म्हणजे धर्मस्थळवाल्यांचं तेच का? माझा चुलतभाऊ उजिरेला गेला होता खूप आधी

खानापूरची_लेक
हो मूळ तेच की. १९८२ ला उजिरेत रुडसेटी म्हणून सुरू झालं, धर्मस्थळच्या ट्रस्टनं सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला धरून, पुढं त्याच धर्तीवर देशभर जिल्ह्याजिल्ह्यात आरसेटी निघाल्या. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हे. सकाळी श्रमदान पण असायचं, अंगण झाडणं, बागेला पाणी. आणि नुसतं शिवण नाही हं, गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं, उधारी किती ठेवायची, बँकेत कर्जाला काय कागद लागतात हे पण शिकवलं. कोर्स संपल्यावर सुद्धा फोन करून विचारायचे मशीन घेतलं का, कामं येतात का. मला ते फार लागलं मनाला, चांगल्या अर्थानं

चिकोडी_वाइंडिंग
आमच्याकडं ऊस म्हटलं की मोटार आली आणि मोटार म्हटलं की जळणं आलं. मी मोटार रिवाइंडिंग शिकलो. लोकांना वाटतं तार गुंडाळायची त्यात काय शिकायचं. अहो जळलेली मोटार उघडल्यावर जुनी तार ओरबाडून काढायची नसते, आधी किती स्लॉट, एका कॉईलला किती टर्न, तारेचा गेज काय, कनेक्शन कुठून कुठं गेलंय हे सगळं वहीत उतरायचं आणि मगच छिन्नी लावायची. ही सवय ट्रेनिंगमध्ये लागली. माझ्याकडं आता अशा वह्याच वह्या हाईत, कुठलीही कंपनीची मोटार येऊ दे, वही उघडली की झालं. मग स्लॉटात इन्सुलेशन पेपर, कॉईल, लेसिंग, वार्निश, आणि वार्निश पुरतं वाळल्याशिवाय शेतकऱ्यानं कितीबी घाई केली तरी द्यायची नाही. ऐन उन्हाळ्यात थ्री फेज रात्रीचं येतंय, ऊस वाळायलाय, माणूस दारात बसून असतोय, त्याचं पण खरं आहे, पण ओल्या वार्निशची मोटार आठ दिवसात परत येते आणि त्याचं नुकसान दुप्पट होतं. तेवढं त्याला बसवून चहा पाजून समजावून सांगायचं. हे मात्र कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत, अनुभवानंच येतंय

अथणीकडचा
@चिकोडी_वाइंडिंग भाऊ सबमर्सिबल करता का? ७.५ एचपी हाय, चालू होऊन ट्रिप मारतीय

चिकोडी_वाइंडिंग
आधी तीनी फेजचं व्होल्टेज बघा, आणि केबलचा जॉईंट. मोटार वर काढायची घाई करू नका. फोटो पाठवा पॅनेलचा

टिळकवाडीची_अकाउंटंट
माझा टॅलीचा कोर्स, कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायचा. बीकॉम झाले होते, डेबिट क्रेडिट तोंडपाठ, पण दुकानात बसल्यावर बिल कसं टाकायचं ते येईना. क्लास छोटाच होता, एका कॉम्प्युटरवर दोघी, पण सरांनी पुस्तकातली उदाहरणं घेतलीच नाहीत, एका खऱ्या दुकानाची जुनी बिलं आणून आमच्यापुढं ठेवली, चहाचा डाग पडलेली, मराठीत कन्नडमध्ये लिहिलेली, आणि म्हणाले महिन्याचं जीएसटी रिटर्न तयार करा. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीची बिलं, २० पर्यंत ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आणि आपल्या भागाची खरी गंमत जीएसटीत आहे. इथून बेंगळूरला माल पाठवला, पाचशे किलोमीटर, तर सीजीएसटी एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातला कर. आणि शिनोळीला पाठवला, जे आपल्या उशाशी आहे, तर आयजीएसटी, म्हणजे परराज्याचा कर, कारण तो चंदगड तालुका, महाराष्ट्र! नवीन मुली हमखास इथं अडखळतात. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलीला आधी नकाशाच दाखवते

निपाणीकर
ताई अगदी बरोबर. आमचं तर कागल पलीकडं दिसतंय, पण बिलात परराज्य

शिनोळीत_ड्यूटी
आम्ही राहतो उचगावला, काम करतो शिनोळीला. रोज परराज्यात जाऊन दुपारचा डबा खातो 😄

येळ्ळूरचा_सुतार
कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेचं ट्रेनिंग कुणी केलंय का? मी केलं. वडिलांकडनं सुतारकाम आलंय, बारशाच्या पाळण्यापासून देवघरापर्यंत सगळं करतो, मला वाटलं मला काय शिकवणार. पण गेलो, कारण बेसिक ट्रेनिंग आठवड्याभराचं आणि दिवसाला ५०० रुपये मिळतात, रोजगार अगदीच बुडत नाही. तिथं प्लायच्या शीटचं कटिंग कागदावर आधी आखून कसं घ्यायचं ते दाखवलं, तुकडे कमी वाया जातात. हे मला खरंच नवीन होतं, आम्ही अंदाजानं कापत आलो. अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर मिळतं. कर्ज पहिलं १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याज, ते नीट फेडलं की पुढचं २ लाखापर्यंत. घरातल्या एकालाच घेता येतं हे ध्यानात ठेवा, आमच्यात भाऊ आणि मी दोघांनी अर्ज भरायला घेतला होता. अर्ज सीएससीत, म्हणजे गावातल्या ऑनलाईन सेवा केंद्रात

वडगावची_वैनी
भावजी टेलरना पण आहे ना यात?

येळ्ळूरचा_सुतार
हो वैनी, १८ व्यवसाय हाईत, शिंपी आहे, गवंडी, कुंभार, लोहार, न्हावी, परीट सगळे

सीमेवरचा_पोरगा
मी जरा वेगळं लिहितो. मराठी मिडियमला शिकलो, एसएसएलसी, म्हणजे दहावी, पण मराठीतनं. ट्रेनिंगला गेलो तर सगळं कन्नडमध्ये. फॉर्म कन्नड, लेक्चर कन्नड. पहिल्या आठवड्यात मागं बसून नुसतं बघत होतो, घरी येऊन सांगितलं मी जाणार नाही. शेजारी गोकाकचा एक मुलगा बसायचा, त्यानं स्वतःहून माझ्या वहीत प्रत्येक शब्दापुढं खूण करून चित्र काढून द्यायला सुरू केलं, वायरचं चित्र, फ्यूजचं चित्र. मी त्याला डब्यातली भाकरी आणि आईनं केलेलं मोहरीचं लोणचं द्यायचो. कोर्स संपेस्तोवर मला कन्नड आलं आणि त्याला मराठी. आज वायरिंगचं काम घेतो तर हुबळीच्या ठेकेदाराशी कन्नडमधनं बोलतो आणि कोल्हापूरच्याशी मराठीतनं. पण मराठी पोरांसाठी निदान पुस्तक तरी मराठीत मिळावं असं मला मनापासून वाटतं. किती जण पहिल्याच आठवड्यात सोडून जातात ते मी बघितलंय

उद्यमबागवाला
@सीमेवरचा_पोरगा हे वाचून थांबलोच मी. आमच्या शॉपमध्ये पण हेच, ड्रॉईंगला भाषा नसते म्हणून पोरं टिकतात. त्या गोकाकच्या मित्राला माझा नमस्कार सांग

वडगावची_वैनी
पोरा तुझ्या आईच्या लोणच्याची रेसिपी टाक 🙏

हिंडलगा_२
सावध राहा एवढंच सांगायला आलोय. माझ्या मेहुण्यानं एका खासगी क्लासला पैसे भरले, शंभर टक्के नोकरी म्हणाले. मशीन एकच, ते पण बंद. शेवटी सर्टिफिकेट दिलं आणि नोकरी म्हणजे दुसऱ्या गावात सिक्युरिटी गार्ड. घरच्यांनी दागिना मोडून पैसे दिले होते. फी भरायच्या आधी चालू बॅचमध्ये जाऊन एक दिवस बसू द्या म्हणावं, नाही म्हणाले तर उठून यावं

खानापूरची_लेक
बापरे 😔 मेहुणे आता काय करतात?

हिंडलगा_२
आता उद्यमबागेतल्या जीटीटीसीत, सरकारी ट्रेनिंग सेंटर आहे ते, चौकशी करून मिलिंगचं शिकायलाय. बरा आहे. बोलतोय परत सगळ्यांशी

उद्यमबागवाला
त्याला मला फोन करायला सांग, नंबर मेसेज करतो. कोर्स झाला की बघू कुठं तरी

जांबोटीकडची
मी काजूवाली, आमचं कोणी वाचतंय का 😀 बिया वाफवणं, कटर, सोलणं, हे आयांकडनं आलंय, काजूच्या तेलानं हात काळे होतात त्याला राख लावायची हे पण. ट्रेनिंगमधनं आलं ते ग्रेडिंग. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर, आकडा जितका लहान तितका दाणा मोठा, २४०, २१०, १८०. आधी आम्ही मोठा, बारीक आणि तुकडा एवढंच म्हणायचो आणि व्यापारी म्हणेल तो भाव. आता टेबलावर चाळून वेगळं करून ठेवलं की तोच विचारतो किती किलो आहे. माझ्या सासूबाई शिकलेल्या नाहीत पण आता त्या डोळ्यांनी २४० ओळखतात, काट्यावर मोजून बघितलं तर बरोबर निघतं

निपाणीकर
घरपोच पाठवता का? दिवाळीला लागतील

जांबोटीकडची
पाठवते की, पण तुकडा कणी पण घ्या, शिऱ्याला तेच चांगलं

वडगावची_वैनी
मी राहिलेच. आमच्याकडं घरात माग होते, साड्यांचं काम कमी झालं तेव्हा मी आरी वर्क, म्हणजे ब्लाऊजवरचं भरतकाम, शिकले. रोज बस, बायकांना सरकारी बस फुकट, ते झिरो तिकीट आल्यापासून तर जायला यायला खर्चच नाही, आमच्या बॅचला हुक्केरीहून बायका यायच्या, आधी बसभाड्यापायीच येऊ शकत नव्हत्या. आरीची सुई वरनं टोचायची आणि खालचा हात दोरा देतो, खालचा हात दिसत नाही, तो आपोआप चालायला लागेपर्यंत मान मोडते. लग्नसराईत आता श्वास घ्यायला वेळ नसतो. सासूबाईंच्या नजरेला मागावरची सवय, एक टाका सैल असला तरी त्यांना लगेच दिसतो, त्यांनी बघितल्याशिवाय एकही ब्लाऊज घराबाहेर जात नाही

खानापूरची_लेक
वैनी मला शिकायचंय आरी! फ्रेम कुठनं घेतली?

वडगावची_वैनी
सुतारभावजींना सांगून करून घे गं, सागाची, बाजारची हलकी असते, कापड ताणलं की वाकते. माप सांगते रात्री. आणि सुया सुरुवातीला जास्तच घे, मोडतात

येळ्ळूरचा_सुतार
करून देतो वैनी, माप पाठवा. साग महाग पडंल, शिवण झाडाच्या लाकडात केलं तरी चालतंय, ते पण वाकत नाही