कर्नलमधील फसवी नावे: एमएम_युजर्स आणि एमएम_काउंट बदलावीत का?

रेषाक्षर

आमच्याकडे लिनक्सचा एक ड्रायव्हर आहे, जो मूळ कर्नलमध्ये समाविष्ट नाही. दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचण्यासाठी तो गेट_टास्क_एमएम() वापरतो आणि काम झाल्यावर घेतलेला संदर्भ (म्हणजे ती मेमरी वापरात असल्याची मोजणीतील नोंद) सोडतो. एका सहकाऱ्याचा पॅच (कोडमधील बदल) तपासताना असे आढळले, की सोडण्याच्या जागी एमएमपुट() ऐवजी एमएमड्रॉप() लिहिले होते. दोन्ही फंक्शनांना एकच पॉइंटर चालत असल्यामुळे कंपायलरने हूं की चूं केले नाही. या घोळाचे मूळ मला प्रोसेसच्या मेमरीचे वर्णन करणाऱ्या एमएम या स्ट्रक्चरमधील एमएम_युजर्स आणि एमएम_काउंट या दोन फील्डांच्या नावांत दिसते, कारण दोन्ही मोजणीच करतात, पण कोण काय मोजते ते नावावरून उमगत नाही. पहिल्याला अ‍ॅड्रेस_स्पेस_युजर्स आणि दुसऱ्याला स्ट्रक्ट_रेफ्स असे नाव देणारा पॅच मेंटेनर स्वीकारतील का?

पृष्ठपाल

गोंधळ खरा आहे, परंतु सुचवलेले पहिले नाव आगीतून फुफाट्यात नेणारे आहे. कर्नलमध्ये अ‍ॅड्रेस_स्पेस नावाचे स्ट्रक्चर आधीपासूनच आहे आणि ते प्रोसेसच्या मेमरीचे वर्णन करत नाही. एखाद्या फाइलची कोणती पाने पेज कॅशमध्ये (फाइलींच्या मजकुरासाठीच्या मेमरीतील साठ्यात) आहेत, याचा हिशेब ते ठेवते. (ते नावही फसवेच आहे, पण तो वेगळा विषय.)

एमएम_युजर्स हे प्रोसेसची मॅपिंग प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची संख्या ठेवते आणि ते शून्यावर आले की मॅपिंग मोडून पेज टेबले (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) मोकळी केली जातात. एमएम_काउंट मात्र त्या स्ट्रक्चरच्याच आयुष्याचा हिशेब ठेवते, आणि त्यात हे सगळे वापरकर्ते मिळून एकच धरले जातात. कर्नल थ्रेडला स्वतःचे एमएम नसल्यामुळे तो आधी चाललेल्या प्रोसेसचे एमएम उसने घेतो. ही उसनवारी साधारणतः या दुसऱ्या मोजणीत नोंदली जाते. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याच्या पॅचमध्ये एमएम_युजर्स एकाने चढेच राहिले असते, आणि दुसरीकडे सर्व वापरकर्त्यांच्या वतीने असलेला तो एकमेव संदर्भ गेल्यामुळे प्रोसेस चालू असतानाच तिचे स्ट्रक्चर मोकळे होण्याची वेळ आली असती.

२०१७ मध्ये आवृत्ती ४.११ मध्ये यावर जो उपाय झाला, तो फील्डांची नावे न बदलता झाला. पूर्वी अनेक ठिकाणी या फील्डांमध्ये थेट अ‍ॅटॉमिक (मध्ये दुसरे कोणी शिरू न शकणारी) वाढ केली जात असे. त्याऐवजी एमएम_युजर्ससाठी एमएमगेट() आणि एमएम_काउंटसाठी एमएमग्रॅब() आले, आणि गेट–पुट, ग्रॅब–ड्रॉप अशा जोड्या जमल्या. पुट आणि ड्रॉप यांतला भेद नवख्याला आजही पाठच करावा लागतो, हे मात्र मान्य करायला हवे.

अर्धविराम

फील्डचे नाव बदलणे सर्वस्वी वर्ज्य आहे, असा वरील उत्तराचा अर्थ घेऊ नये. टास्क_स्ट्रक्ट या प्रत्येक थ्रेडची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रक्चरमधील स्टेट हे फील्ड २०२१ मध्ये, आवृत्ती ५.१४ मध्ये, पुढे दोन अधोरेषा लावून __स्टेट करण्यात आले. हेतू असा होता, की त्याचा प्रत्येक वापर सापडावा आणि जेथे आवश्यक तेथे रीड_वन्स() किंवा राइट_वन्स() (वाचन वा लेखन नेमके एकदाच करायला कंपायलरला बजावणारे) घालता यावे. जुने नाव उरलेली जागा कंपाइलच होत नाही, आणि अशा बदलाचा खरा लाभ मला यातच दिसतो.

प्रोसेसच्या मॅपिंगचे रक्षण करणाऱ्या एमएमॅप_सेम या लॉकचे एमएमॅप_लॉक झाले ते २०२० मध्ये, आवृत्ती ५.८ मध्ये, आणि त्यातला क्रम शिकण्यासारखा आहे. आधी एमएमॅप_रीड_लॉक() सारखी वेष्टण-फंक्शने आणली गेली, मग कॉक्सिनेल या कोडमध्ये आपोआप बदल करणाऱ्या साधनाच्या साहाय्याने सर्वत्र त्यांचा वापर सुरू झाला, आणि शेवटी फील्डचे नाव बदलले. कॉक्सिनेल सी भाषेची रचना जाणते, म्हणून कोणत्या प्रकारच्या स्ट्रक्चरचे फील्ड बदलायचे हे त्याला सांगता येते. सेड या नुसते शब्द बदलणाऱ्या साधनाने स्टेट हा शब्द बदलायला घेतला तर शेकडो निरपराध स्ट्रक्चरांवर गदा येईल.

रेषाक्षर

दोघांचेही आभार. मग पीआयडीचे (प्रोसेसच्या क्रमांकाचे) काय? युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये, गेटपिड() जे देते, ते कर्नलमध्ये टीजीआयडी (थ्रेडांच्या गटाचा क्रमांक) असते, आणि टास्क_स्ट्रक्टमधील पीआयडी हा प्रत्यक्षात थ्रेडचा क्रमांक असतो. एकच थ्रेड असेल तर दोन्ही सारखेच, त्यामुळे चाचणीत चूक दिसतही नाही.

जुनी_शाखा

पीआयडी तसेच राहील, असे मला वाटते. सिस्टम कॉलच्या नावांना हात लावता येत नाही, कारण युजरस्पेस मोडायचे नाही हा नियम कडक आहे, आणि कर्नलमधले फील्ड इतक्या ठिकाणी वापरले जाते की बदलाचा भार लाभापेक्षा जड होईल. कर्नलमधील फील्डांची नावे बाहेरचे कोणी वाचत नाही हेही खरे नाही: स्टेटचे नाव बदलल्यावर बीपीएफवरील (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीवरील) साधनांना दोन्ही नावे तपासून पाहण्याची सोय करावी लागली.

जुन्या शाखा सांभाळणाऱ्यांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. एमएमॅप_रीड_लॉक() असलेली दुरुस्ती ५.८ पूर्वीच्या शाखेत न्यायची, तर ती डाउन_रीड() हे जुने लॉक-फंक्शन वापरून हाताने पुन्हा लिहावी लागते आणि अशा पुनर्लेखनात नवी चूक शिरू शकते. म्हणून नुसते नाव खटकते एवढ्यावर पाठवलेला पॅच परत येणार. जुन्या नावामुळे कोणती चूक घडली, हे पॅचच्या वर्णनात दाखवता आले तर गोष्ट वेगळी.

तुमच्या ड्रायव्हरपुरते म्हणाल, तर संदर्भ घेणारे आणि सोडणारे अशी दोन छोटी फंक्शने एकाच फाइलमध्ये लागोपाठ ठेवावीत, त्यांना ड्रायव्हरच्या कामाशी जुळणारी नावे द्यावीत, आणि एमएमपुट() चा उल्लेख त्यांच्याबाहेर कोठेही येऊ देऊ नये.