क्लच केबल थंडीत जाम होतेय. ऑइल घालू, ग्रीस भरू की अजून काही?

घाटचढ्या:
साताऱ्यातून रोज यवतेश्वरचा घाट चढून कासच्या अलीकडं ड्युटीला जातो. गाडी १०० सीसीची, नऊ वर्षं जुनी. पावसाळ्याचे चार महिने ती पाण्यात आणि धुक्यातच असते. दिवाळीच्या आधी क्लच इतका जड झाला की पोवई नाक्यावर गर्दीत अडकलं की डावा हात भरून यायचा. घाईत आईची खोबरेलाची बाटली घेतली आणि केबलच्या तोंडात थोडं थोडं सोडलं. आठ दिवस क्लच लोण्यासारखा. आता थंडी पडलीय, पहाटे लिव्हर दाबला की परत यायला आळस करतो. अकरानंतर पुन्हा ठीक! एक मित्र म्हणतो ग्रीस भर, दुसरा म्हणतो डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मार. काय करू?

ऊसवाला_कोरेगाव:
ग्रीसच. बैलगाडीच्या आखापासून ट्रॅक्टरपर्यंत आमचं सगळं वंगणावरच चालतंय.

जुना_फिटर:
खोबरेल! अहो, आईची ती बाटली सकाळी बघा, गोठलेली असेल. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं. केबलमध्येही तेच झालंय, ऊन लागलं की सुटतंय.

कोरेगावकर, आखाला जागा असते, तिथं ग्रीस बसतं. केबलच्या आत तार आणि नळी यांच्यात फट ती किती? ग्रीस तोंडाशीच अडकतं, वर धूळ धरतं. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायचं औषध. १९५३ मध्ये अमेरिकेत चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात ४०. गंज सैल करायला, घाण धुवायला उत्तम. पण मागं राहणारा थर पातळ, घाटातल्या पावसात टिकायचा नाही.

पण आधी केबललाच दोष देऊ नका. लिव्हरमधून केबल सोडवा. लिव्हर नुसता हलवून बघा. तोच करकरत असेल तर त्याचा बोल्ट काढा, पुसा, बोटभर ग्रीस लावा. मी गॅरेज चालवलं तेव्हा ‘केबल जड’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच परत पाठवल्यात. खाली इंजिनपाशी क्लचचा आर्म असतो, तिथंही बघा.

तार हातानं ओढून जड लागली तरच तेल. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापा, केबलचं वरचं टोक त्यात घालून रबरानं घट्ट आवळा. आधी डब्ल्यूडी-४० मारून तुमचं खोबरेल बाहेर काढा, मग शिलाई मशीनचं तेल चमचाभर ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. तार अधूनमधून वर-खाली करा. खालून आधी काळं, मग गंजाचं लालसर आणि शेवटी स्वच्छ तेल ठिबकलं की झालं. काही केबलींच्या नळीला आतून नायलॉनचं अस्तर असतं. त्यांना कंपनीनं तेल नको म्हटलं असेल तर घालू नका.

रबर असेल तिथं मात्र साधं ग्रीस नाही हं. डिस्क ब्रेकच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, नाहीतर रबर फुगतं. आणि ड्रम ब्रेकच्या लायनरजवळ तेलाचा हातसुद्धा नको.

मागच्या_सीटवरची:
आमच्या स्कूटीचा ॲक्सिलरेटर सोडल्यावर परत येत नाही. तोच उपाय का?

जुना_फिटर:
ताई, आधी गाडी चालवणं थांबवा. हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवून बघा, केबल कुठं ताणली किंवा मुडपली जाते का. मुडपलेल्या केबलला तेल घालून उपयोग नाही, बदलाच.

घाटचढ्या:
काल रात्री केलं. लिव्हरचा बोल्ट निघता निघेना, आतून लाल भुगा पडला! पिशवीचा जुगाडही केला. काळं आलं, लालसर आलं, पण लिव्हरमध्ये अडकते त्या वरच्या गुंडीपाशी तारेचे तीन धागे तुटलेले दिसले.

जुना_फिटर:
मग ती संपली. घाटात तुटली तर क्लचविना उतराल कसे? नवी बसवताना आत चार थेंब तेल सोडा आणि लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई ठेवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. जमलं तर दोन केबली घ्या. दुसरी तिच्या शेजारूनच ओढून टेपनं बांधून ठेवायची. पावसात अंधारात बदलायची वेळ आली तर फक्त दोन टोकं अडकवायची राहतात.

घाटचढ्या:
दोन घेतल्या. आईसाठी खोबरेलाची बाटलीपण.