3 गुंठे माजलेलं रान, तिथं लॉन करायचंय (बजेट 40 हजार) – सल्ला हवा

रानवाट:
सासवडजवळ घराच्या पुढंमागं मिळून 3 गुंठे जागा आहे. पाच-सहा वर्षं कुणी हात लावलेला नाही. कंपाउंडच्या कडेनं घाणेरी, मधे गाजरगवत आणि कुंदा, सखल कोपऱ्यात लव्हाळा, बाकी हरळी. वरची 6-8 इंच काळी माती, खाली मुरूम. विहीर आहे, पण मार्चनंतर पाणी खाली जातं. बजेट सगळं धरून 40 हजार. मुलांना खेळता यावं एवढंच हवंय. आता फेब्रुवारी संपत आलाय, सुरुवात कशानं करू?

हिरवळकर:
जेसीबी बोलवा, एका दिवसात जागा साफ. त्यावर 4 इंच तांबडी माती, वर मेक्सिकन गवताचं तयार कार्पेट आणि पॉप-अप स्प्रिंकलर. आमच्याकडे हेच केलंय, गालिच्यासारखं दिसतं. एकदाच खर्च करा, पण नीट करा.

पोयटा:
बजेट वाचलंत का? 3 गुंठे म्हणजे 3267 चौरस फूट. 40 हजारांत चौरस फुटाला 12 रुपये येतात, त्यात साफसफाई, खत, गवत, मजुरी सगळं आलं. 4 इंच भर म्हणजे जवळपास 11 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती. बजेट तिथंच संपेल.
शिवाय मेक्सिकन फार सावकाश पसरतं. मुलांनी उखडलेली जागा भरायला महिने जातात आणि वर्षा-दोन वर्षांत उंचवटे येतात. खेळायला सिलेक्शन वन जातीचं गवत घ्या, तेही कार्पेट अंथरून नाही, काड्या सुट्या करून टोकून. 1 चौरस फूट कार्पेट सोडवलं की 8-10 चौरस फुटांत लावून होतं, म्हणजे 400 चौरस फुटांत तुमचे तिन्ही गुंठे होतील. काड्या 3-4 इंचांवर, दोन-तीन पेरं मातीत आणि शेंडा वर. लगेच रोलर आणि पाणी. जूनचा दुसरा पाऊस झाला की लावा.

काळीमाय:
जेसीबीबद्दल सावध. ड्रायव्हर बकेट सपाट ओढतो आणि तुमची 6 इंच काळी माती झाडोऱ्यासकट ढिगात जाते, वर मुरूम उघडा पडतो. त्यावर गवत पिवळंच राहतं. लावायचाच असेल तर फक्त घाणेरीची खोडं उपटायला लावा. सपाटी फळीनं, माणसांकडून. उतार घरापासून लांब, 10 फुटांना सव्वा इंच पुरतो.

हिरवळकर:
घाणेरीला जेसीबीच लागतो. कापून ठेवली तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात.

ब्रशकटर52:
जेसीबीची गरज नाही. 52 सीसीचा ब्रश कटर (झुडपं-गवत कापायचं मशीन) घ्या, माझा तीन वर्षं बिनतक्रार चालतोय. घाणेरीला 80 दाती ब्लेड, गवताला 3 दाती, भिंतीलगत नायलॉन दोरी. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल लागतं. 25:1 ला लिटरमागं 40 मिली.

काळीमाय:
प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत बघा. काहींना 50:1 म्हणजे 20 मिली लागतं. कमी ऑइलनं पिस्टन धरतो, जास्तीनं प्लग काळा पडतो. आणि खरं तर फोर-स्ट्रोकच घ्यावा.

ब्रशकटर52:
फोर-स्ट्रोक जड असतो. उतारावर तासभर चालवून बघा.

बांधावरून:
मूळ प्रश्नाकडे या. खरा त्रास लव्हाळ्याचा आहे. त्यावर रोटाव्हेटर अजिबात फिरवू नका. जमिनीखाली गाठींची माळ असते, ती तुटली की प्रत्येक गाठ वेगळी उगवते. अख्खी माळ असताना त्यातल्या बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात, तुकडे केले की त्याच जाग्या होतात.
ग्लायफोसेट (तणनाशक) 41 टक्के, लिटरभर पाण्याला 10 मिली, पण आत्ता नाही. ते हिरव्या पानातून आत जाऊन गाठीपर्यंत पोचतं, वाळलेल्या गवतावर फुकट जातं. आधी पाणी देऊन किंवा पहिल्या पावसानं उगवू द्या, 5-6 पानांवर आलं की फवारा. पाणी स्वच्छ हवं, गढूळ पाण्यातल्या मातीला ते चिकटून बसतं. 6 तास पाऊस नको, पुढं 15 दिवस खणू नका. परत उगवेल, परत फवारा. एका फेरीत लव्हाळा जात नाही.

पोयटा:
यात एक भर. ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच मारून घ्यायचंय. स्वतः पंप भरू नका, आणि मुलं खेळणार आहेत हेही लक्षात असू द्या.

सूर्यतप्त:
औषधाशिवाय करायचं तर एप्रिल-मेमध्ये जमीन ओली करून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, 25 मायक्रॉन, कडा मातीत गाडून, 6 आठवडे. 3 गुंठ्यांना 7-8 किलो लागेल. गाजरगवताचं वरच्या थरातलं बी बरंचसं मरतं. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

बांधावरून:
लव्हाळा त्याला पुरून उरतो. त्याचा कोंब टोकदार, प्लास्टिक फोडून वर येतो.

गुलमोहर:
पोयटांना अनुमोदन, सिलेक्शन वनच. खताचं कुणी बोललं नाही. पूर्ण कुजलेलं शेणखत, गुंठ्याला 400-500 किलो. कच्चं घातलंत तर तणाचं बी आणि हुमणी दोन्ही विकत आणाल. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, ती मुळं खाते आणि गवत चादरीसारखं हातात येतं. खतात मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) मिसळून टाका. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात, फांद्या हलवून पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका.
गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. फुललेलं खतखड्ड्यात नको. एका झाडाला हजारोंनी बी असतं.

थेंबथेंब:
पाण्याचं कुणीच विचारलं नाही. उन्हाळ्यात लॉनला रोज 5 मिलिमीटर धरा, म्हणजे गुंठ्याला 500 लिटर. 3 गुंठ्यांना दीड हजार लिटर रोज, एप्रिल-मेभर. विहीर खाली जाते म्हणताय, तर फक्त पुढचा एक गुंठा लॉन करा.

हिरवळकर:
टँकर मागवता येतो. जेसीबी लावा, मेक्सिकन टाका.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. दीड हजार लिटरचा आकडा वाचून थांबलो, तेवढं पाणी आमच्या विहिरीत मेमध्ये नसतं. खणायचं नाही, फवारायचं नाही, गवत विकत घ्यायचं नाही असं ठरवलंय. घाणेरी कुदळीनं बुंध्यासकट काढतो. गाजरगवत उपटतो. बाकी सगळं जूनपासून दर 10 दिवसांनी 2 इंचांवर कापत राहणार, म्हणजे कुंदा दमेल आणि हरळी पसरेल. उन्हाळ्यात वाळली तरी पावसात परत येते.

पोयटा:
हरळी म्हणजे लॉन नव्हे. पान भरड, दाटी कमी. निदान एक गुंठा तरी टोकून बघा.

बांधावरून:
आणि लव्हाळा कापल्यानं मरणार नाही, दोन दिवसांत हरळीच्या वर डोकं काढेल.

रानवाट:
लव्हाळ्याचा कोपरा अर्धा गुंठाही नाही. ओल असेल तेव्हा खुरप्यानं, गाठीसकट, उगवेल तसा काढत राहीन. सिलेक्शन वनही हरळीच्याच जातीचं ना? मुलांना चालेल. ब्रश कटर मात्र घेतोय. 80 दाती ब्लेड वेगळं घेताना काय बघायचं?

ब्रशकटर52:
मधलं भोक 25.4 मिमी आहे का ते बघा, आणि खालचा वॉशर-कप सोबत घ्या. नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेनं सैल होतो. पहिल्या पाच मिनिटांनंतर मशीन बंद करून एकदा परत आवळा.