तिकीट जूनचं की ऑगस्टचं?

सुधामावशी (अनूची आई): अनू, अगं तुझ्याकडे अमेरिकेत कोलंबसला यायचं तिकीट आज कर म्हणून एजंट मागे लागलाय, जूनचं काढू का ऑगस्टचं? आणि हे म्हणतायत त्या खेड्यात इतके महिने करायचं काय, मका बघत बसायचं का

पिंट्या: आत्या खेडं कुठलं! मी गूगल केलं, राज्याची राजधानी आहे, केवढाल्या बिल्डिंगा

अनू: पिंट्या ते ओहायोचं कोलंबस रे!! आमचं इंडियानातलं, इंडियानापोलिसहून तासभर खाली. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, बस. आई एजंटला नीट सांग गं बाई

नानामामा: त्या गावाचं नाव आधी टिप्टोना होतं. १८२१ साली जनरल टिप्टनच्या जमिनीवर वसलं म्हणून त्याचं नाव दिलं आणि महिन्याभरात बदलून कोलंबस केलं. टिप्टन जाम भडकला म्हणतात

अण्णाकाका (अनूचे बाबा): महिन्याभरात? आपल्याकडे एवढ्यात समितीसुद्धा नेमून होत नाही 😀

अनू: आई ऐक, जूनमध्ये आलात तर सव्वानऊपर्यंत उजेड असतो, बाबांना जेवण झाल्यावर नदीकाठी फिरायला मस्त ट्रेल आहे, आणि जुलैत फोर-एच फेअर असतं, म्हणजे शेतकी जत्रा, ते बाबांना आवडेलच, शेतकऱ्यांची पोरं स्वतः वाढवलेली डुकरं, शेळ्या, कोंबड्या घेऊन येतात, परीक्षक नंबर काढतात आणि मग लिलाव, बारा वर्षांचं पोर त्याच्या वळूला धुऊन पुसून विंचरून रिंगणात आणतं आणि विकला गेला की कोपऱ्यात जाऊन रडतं. मका तेव्हाच कोवळा मिळतो. पण ऑक्टोबर चुकवू नका, शेजारच्या ब्राउन काउंटीत पानं लाल-पिवळी होतात आणि रस्त्यावर ही गर्दी, पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमला असते तश्शी

सुधामावशी: ऑक्टोबर म्हणजे गौरी-गणपती बुडाले की गं

अण्णाकाका: आणि जूनमध्ये तिकडे पूर येतो ना? हॉस्पिटल रिकामं करायला लागलं होतं

अनू: बाबा ते २००८ साली!! हॉ क्रीक नावाचा ओढा आहे, तो फुगला आणि पाणी थेट हॉस्पिटलमध्ये, पेशंट हलवले, कित्येक महिने बंद होतं. दरवर्षी नाही होत असं

नानामामा: अण्णा तुम्ही जाच. कोथरूडच्या प्लांटमध्ये आयुष्य गेलं माझं, ६२ साली किर्लोस्कर कमिन्स ही इंजिनांची कंपनी सुरू झाली, पण तिचं मूळ त्या गावात. क्लेसी कमिन्स हा तिथल्या बँकर आयर्विनचा ड्रायव्हर-कम-मेकॅनिक. डिझेल इंजिनाचं वेड. १९१९ ला मालकाने पैसे घातले आणि कमिन्स कंपनी नफ्यात कधी आली, १९३७ ला! इतकी वर्षं कोण थांबतं हो आता

अण्णाकाका: ते ठीक आहे नाना पण मी तिथे चर्च बघत फिरू का? अनू सारखे चर्चचेच फोटो टाकते

नानामामा: देवासाठी नाही, इमारत म्हणून बघा. १९४२ चं एक आर्किटेक्ट एलिएल सारिनेनचं, आणि १९६४ चं दुसरं त्याच्या मुलाचं, एरोचं. ते पूर्ण व्हायच्या आधीच एरो गेला बिचारा

अनू: हो आणि त्या दुसऱ्या चर्चची मंडळी कमी होत होत २०२२ ला ते बंदच झालं

नानामामा: खरी गंमत शाळांची आहे. युद्धानंतर मुलं वाढली, शाळा हव्या होत्या. आयर्विनचा नातेवाईक मिलर हा कमिन्स कंपनीचा सर्वेसर्वा, तो म्हणाला आम्ही दिलेल्या यादीतला आर्किटेक्ट घ्या, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. बांधायचा खर्च गावाचाच हां! पहिली अशी शाळा १९५७ ला झाली. मग फायर स्टेशनं पण तशीच.

पिंट्या: दिलदार माणूस

नानामामा: दिलदार होताच, पण हिशेबीही होता. मक्याच्या शेतात चांगला इंजिनिअर बायकापोरांना घेऊन का येईल, शाळा चांगली नसेल तर? मी असतो तर मीही हेच केलं असतं

अनू: मामा हे मात्र खरं, आम्ही पण शाळा बघूनच हो म्हटलं. पण एवढं सुंदर गाव आणि गाडीशिवाय दूध आणता येत नाही ते पण लिही की 😏 बाबा लायब्ररी जबरदस्त आहे, आर्किटेक्ट आय. एम. पेईची, १९६९ ची, दुपारी तिथे सोडेन तुम्हाला. आणि झाहाराकोजमध्ये नेईन, १९०० सालचं आइस्क्रीमचं दुकान, ग्रीक भावांनी काढलेलं, मध्ये बंद पडलं होतं, २००९ ला पुन्हा सुरू झालं, आत एक अवाढव्य वाद्य आहे ते आपलं आपण वाजतं

सुधामावशी: यांना शुगर आहे

अण्णाकाका: एक स्कूप चालतो

सुधामावशी: डॉक्टरांना विचारून बघा चालतो का. बरं माझं ऐका, जून ते ऑगस्ट जाऊ आणि गौरींना परत येऊ

अनू: आई पानं!! एवढं येऊन पानं न बघता परत?

अण्णाकाका: गौरी यंदा धाकटीकडे बसतील. तिला कधीपासून हव्यात

सुधामावशी: परस्पर ठरवलंत? गौरी अशा इकडून तिकडे हलवतात का

(दीड तासाने)

सुधामावशी: धाकटीशी बोलले. ती एका पायावर तयार आहे. पुरणावरणाचं तिचं ती बघेल. पण सासूबाईंचे मुखवटे मी देणार नाही, तिने नवीन आणावेत. पिंट्या एजंटला सांग, जून ते ऑक्टोबरअखेर, यांना खिडकी नको, रात्री चारदा उठतात